फी माफ, मग खर्च कशाचा?



व्याख्यानमाला म्हटली की शिवचरित्र, संतसाहित्य, नाहीतर व्यक्तिमत्त्व विकास, हे विषय ठरलेले. लेकराच्या कॉलेजचा खर्च हा काय व्याख्यानाचा विषय झाला का, असं संयोजकांपैकी एकानं मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी हयातभर या तलवाडा गावाला अंकगणित शिकवलं. त्यांच्या नावानं एक संध्याकाळ बेरीज-वजाबाकी केली तर त्यांना वावगं वाटणार नाही. तेव्हा आज मी तुम्हाला हसवणार नाही, रडवणार तर नाहीच. हिशोब मांडणार आहे.

माझी नोकरी बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षं मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसलो. या टेबलावर माणूस कोणत्या महिन्यात येतो, सांगू? जुलै-ऑगस्टमध्ये. ॲडमिशनची तारीख परवावर आल्यावर. हातात कॉलेजनं दिलेली फीची चिठ्ठी, चार घड्या घातलेली, घामानं ओली झालेली. असेच एक गृहस्थ आले होते. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला, तोही सरकारी प्रवेशफेरीतून. म्हणजे शिक्षण शुल्क माफ. मी म्हटलं, "मामा, मग कर्ज कशाला?" ते म्हणाले, "तेच तर कळंना साहेब. फी माफ झाली म्हणत्यात, मग हा खर्च कशाचा?"

मी कोरा कागद घेतला आणि त्यांच्याच तोंडून एकेक बाब वदवून घेतली. तोच हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो. आकडे मी सरासरीनं धरलेत. तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात ते खालीवर होतील.

समजा, मुलगी संभाजीनगरला खासगी कॉलेजात शिकते. शिक्षण शुल्क शून्य. राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा निर्णय आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. चांगला निर्णय आहे, टाळ्या वाजवाव्यात असा. पण माफ काय झालं? ही दोनच शुल्कं. विकास शुल्क आणि किरकोळ आकारणी राहिली, धरा दहा हजार. खोलीचं भाडं, वाटून घेतलं तरी महिना तीन हजार, वर्षाचे दहा महिने धरून तीस हजार. मेस तीन हजार महिना, आणखी तीस हजार. पुस्तकं, प्रोजेक्ट, जाणंयेणं, मोबाइल, दुखणंखुपणं मिळून वीस हजार. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे धरूनच सांगतोय. झाले वर्षाला नव्वद हजार. चार वर्षांचे तीन लाख साठ. लॅपटॉप पंचेचाळीस हजारांचा. बेरीज करा, चार लाखांच्या वर गेली.

हे "मोफत" शिक्षण! मुलगा असेल आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत त्याची निम्मी फी माफ होत असेल, तर त्या लाखभर फीतले पन्नास हजार दरसाल आणखी धरा. सहा लाखांच्या वर गेलात.

आता ही रक्कम आपल्या भाषेत बोलू. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल निघाला तर हाती एकरी साडेअडतीस हजार येतात. त्यातून बी, खत, फवारणी आणि वेचणी वजा करा. राहिलं काय? लेकराची नुसती वर्षाची मेस भागवायला दोन एकर कापूस लागतो. आणि त्या हंगामात सप्टेंबरच्या पावसानं कापसाचं काय केलं, हे या सभागृहात मी सांगावं?

मंडळी, आपण अडाणी नाही. विहीर पाडायची म्हटली तर नुसत्या खोदाईचा हिशोब कोणी करतो का? खोदाई, बांधकाम, मोटार, पाइप, विजेचं कनेक्शन, सगळं धरतो. पाणी नाही लागलं तर काय, हेही धरतो. मग लेकराच्या बाबतीत नुसती फी विचारून घरी का येतो?

माझ्या मते याचं कारण जुनं आहे. मराठवाड्यात उच्च शिक्षणच उशिरा आलं. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं. त्याआधी पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावं लागे. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागासांना फी सवलत दिली. तीच ईबीसी. त्या पिढीत कॉलेज म्हणजे नाममात्र फी, बोर्डिंग आणि गावाकडून येणारा डबा. माझ्या पिढीतली निम्मी माणसं ईबीसीचा फॉर्म भरूनच साहेब झाली. पुढे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी केली. जागा वाढल्या हे खरं. त्या वाढल्या नसत्या तर खेड्यातली हजारो पोरं इंजिनिअर झाली नसती. पण खर्चाचा मोठा वाटा सरकारकडून बापाच्या खिशाकडे सरकला. कॉलेज बदललं, आपली सवय मात्र ईबीसीच्या काळातलीच राहिली. "बघू तेव्हा, होईल कायतरी!"

होतं की. पण कसं होतं? रान गहाण पडतं, सावकार येतो, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. आपल्या बीड जिल्ह्यात हे मला समजावून सांगायला नको. फीच्या महिन्यात घेतलेली उचल फेडायला दसऱ्यानंतर नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यावर जातात. धाकटी बहीण घरचं बघायला शाळा सोडते. एकाच्या कॉलेजसाठी दुसरीची शाळा गेली, हा हिशोब कोणत्या फीच्या चिठ्ठीवर छापलेला असतो? मला विचाराल तर या जिल्ह्यातलं सगळ्यात महाग कर्ज सावकाराचं नाही, उचलीचं आहे.

पुढचा मुद्दा काळाचा. शाळेत गुरुजींनी चक्रवाढ व्याज शिकवलं असेल. त्याची एक सोपी युक्ती आहे. बहात्तरला वाढीच्या दरानं भागा. जे उत्तर येतं तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला तर नऊ वर्षांत दुप्पट. म्हणजे आजचे चार लाख तिसरीतल्या मुलीसाठी आठ लाख होतात, आणि आज पाळण्यात असलेल्या मुलीसाठी सोळा. घाबरू नका. तुमचं उत्पन्नही काही जागच्या जागी राहणार नाही. पण शेजाऱ्याच्या पोराला किती खर्च आला हे विचारून आपल्या धाकट्याचा अंदाज बांधू नका.

आणि खर्च कॉलेजात सुरू होतो असं कोण म्हणतं? तो दहावीच्या निकालाच्या दिवशी सुरू होतो. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला मोठा आत्मविश्वास दिला, हे मी मनापासून म्हणतो. पण आज दोन वर्षं लातूरला नाहीतर संभाजीनगरला क्लास, हॉस्टेल आणि मेस असा खर्च लाखांत जातो. त्यावर नीटला मार्क कमी पडले की "एक वर्ष रिपीट". मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे डॉक्टर करण्यासाठी साठवलेला सगळा पैसा डॉक्टरीच्या दारापर्यंत जाण्यातच संपला. आत जायची वेळ आली तेव्हा गल्ला रिकामा. क्लासला घालू नका असं मी म्हणत नाही. क्लासला किती आणि कॉलेजला किती, हे दहावीच्या सुट्टीतच ठरवा, आणि क्लासवाल्यासमोर बसून ठरवू नका.

स्वस्त वाटाही आहेत, पण त्यांना प्रतिष्ठा नाही म्हणून आपण त्या पाहत नाही. दहावीनंतर बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविका करायची आणि मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च वाचतो, महागड्या कॉलेजचं एक वर्ष वाचतं, आणि मधेच थांबावं लागलं तरी हातात पदविका असते. गेवराईच्या अट्टल महाविद्यालयात बी.एस्सी. करून रोज रात्री घरी जेवणारं पोरगं मागासलेलं असतं का? खोली आणि मेस वाचली म्हणजे वर्षाचे साठ हजार वाचले. त्याच्याहून लहान लेकरं असतील, तर पाचवीला असतानाच नवोदयच्या परीक्षेला बसवा. नवोदय आपल्याच गेवराई तालुक्यात, गढीला आहे. सहावी ते बारावी राहणं-जेवण तिथेच.

आता बचतीकडे येतो, पण त्याआधी एका विद्यार्थ्याची गोष्ट. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली एका तरुणाला अमेरिकेला पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन. तो कोलंबिया विद्यापीठात शिकला, पुढे लंडनला गेला. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धवट, परतीचं तिकीट हातात. तुमच्या ओळखीचाच विद्यार्थी आहे हा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी काय केलं? मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून काटकसरीनं शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भाथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. अर्थशास्त्रातला एवढा मोठा माणूस, पण त्यालाही स्वतःच्या शिक्षणासाठी शिल्लक, मदत आणि कर्ज या तिन्ही वाटा एकत्र कराव्या लागल्या. एकीवरच भिस्त ठेवली असती तर? मी पुढे जे सांगणार आहे ते या तीन वाटांवरच.

शिल्लक. पुण्या-मुंबईची पुस्तकं सांगतात, दर महिन्याला इतके हजार बाजूला टाका. आपल्याला महिन्याचा पगार आहे का? आपला पैसा दिवाळी ते संक्रांत येतो, कापूस विकल्यावर. किंवा ऊसतोडीहून परतल्यावर. आणि लागतो कधी? आषाढ-श्रावणात, जेव्हा तो पेरणीत आणि खतात गेलेला असतो. म्हणून आपल्याला अशी जागा हवी जिथे पैसा मोसमात एकदम टाकता येतो आणि सहज काढता येत नाही. काढता येत नाही, हे महत्त्वाचं. नाहीतर पाहुण्याच्या लग्नात जातो.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं आहे. ती दहा वर्षांची होण्याआधी पोस्टात किंवा बँकेत उघडायचं. वर्षाला किमान अडीचशे, कमाल दीड लाख. वर्षातून केव्हाही, कितीही हप्त्यांत भरा. आजचा दर ८.२ टक्के आहे. तो सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा तो कायम राहील असं धरू नका. पण समजा तोच राहिला आणि जन्मापासून वर्षाला बारा हजार टाकले, तर मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास होतील. मात्र एक मेख आहे, आणि ती एजंट सांगत नाही. पंधरा वर्षं पैसे भरायचे, खातं पुरं होतं ते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी, किंवा दहावी झाल्यावर, शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. कॉलेजच्या हिशोबात ती निम्मीच धरा. मुलासाठी पीपीएफ. पंधरा वर्षांचं खातं, आज ७.१ टक्के. मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना उघडलं तर बरोबर बारावीच्या सुमारास हाती येतं. पाच वर्षांचा उशीर केलात तर पैसे त्याच्या वरातीच्या वेळी मिळतील. (हशा)

हसलात, पण खरी गोष्ट तीच आहे. आपल्याकडे मुलीच्या लग्नाचा अंदाज पाळण्यापासून पक्का असतो. सोनं किती, भांडी कोणती, मंडप कोणाचा, सगळं ठरलेलं. तिच्या कॉलेजचा अंदाज बारावीच्या निकालानंतर काढतो. हे उलटं करा एवढंच माझं म्हणणं आहे. आयाबहिणींना आणखी एक सांगतो. लाडकी बहीणचे पंधराशे येत असतील तोवर ते पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर आजच्या ६.७ टक्के दरानं पाच वर्षांत एक लाख सात हजार होतात. आठवीतल्या मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष निघालं. योजना कायमची आहे असं मात्र समजू नका, कुठलीच नसते.

आता मदत. योजनांची यादी वाचत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, शहर पाहून वर्षाला साठ हजारांपर्यंत राहण्या-जेवणासाठी. इतर मागासांसाठी सावित्रीबाईंच्या नावानं आधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं आहेत. योजना कमी नाहीत. घोडं अडतं कागदात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं. एक कागद चुकला की लेकरू खुल्या वर्गात धरलं जातं आणि फी पूर्ण लागते. जात पडताळणीचा अर्ज बारावी चालू असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि प्रवेश जूननंतर असतो. तेव्हा पुढच्या वर्षापर्यंत चालणारं काढा. गेवराईला तहसीलात शंभर रुपये भाड्यात गेले तर कुरकुर करतो, इथे एका कागदापायी वर्षाला पन्नास हजार जातात.

आणखी दोन अटी कानात ठेवा. फी सवलत मिळते ती केंद्रीय प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की संपलं. दलाल सांगेल, "सवलत नंतर करून देतो." नाही होत. दुसरं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो. पहिल्या वर्षी बाप बरोबर येतो, दुसऱ्या वर्षी पोरगं विसरतं, आणि सवलत गेल्यावर बापाला चिठ्ठी येते. शिवाय सरकारचे पैसे उशिरा येतात. तोवरचे पैसे आपल्याकडे असले पाहिजेत.

कॉलेज निवडतानाही एक करा. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय जाहीर करतं. ती आधी पाहा, मग कॉलेजच्या खिडकीशी जा. ठरलेल्यापेक्षा जास्त मागत असतील तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बरेच आकडे खाली येतात, हा माझा अनुभव.

राहिलं कर्ज. कर्जाला मी वाईट म्हणणार नाही, त्यावर माझं घर चाललं. बँकांच्या नमुना योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक शिक्षणाच्या या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण कॉलेजला मानांकन हवं. हे प्रवेश घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे. व्याज माफ नसेल तर काय होतं? दरसाल एक लाख असे चार लाख उचलले, दहा टक्के सरळ व्याज धरलं, तर हप्ता सुरू व्हायच्या दिवशी देणं पाच लाख चाळीस हजार झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सात हजारांच्या वर हप्ता. पहिली नोकरी वीस हजारांची लागली तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँकेला. म्हणून दर महिन्याला जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरा. त्यावर बऱ्याच बँका दरात सूटही देतात. आणि कर्जाच्या अर्जाला पंधरा-वीस दिवस लागतात. परवाच्या तारखेसाठी आज येऊ नका. ते मामा आले होते ना, त्यांचं काम झालं, पण कॉलेजचा पहिला हप्ता त्यांना पाहुण्याकडून हातउसना घ्यावा लागला.

पोरांनो, मागे भिंतीला टेकून उभे आहात, तुम्हालाही सांगतो. बापाला फी विचारता, तसा त्याच्या कापसाचा हिशोबही विचारा. वडीलधाऱ्यांनो, तुम्ही तो लपवू नका. सतरा वर्षांच्या पोराला घरावर कर्ज किती आहे हे कळलं तर ते खचत नाही. ते मेस स्वतः शोधतं, लॅपटॉप जुना घेतं, फॉर्म वेळेवर भरतं. लपवलं तर ते समजतं की पैसा आहे.

आता तुमची परवानगी घेऊन थांबतो. या सभागृहात ज्यांच्या घरी यंदा दहावीचं किंवा बारावीचं लेकरू आहे, त्यांना एकच विनंती. येत्या आठवड्यात एक वही करा. डाव्या पानावर चार वर्षांचा पूर्ण खर्च, उजव्या पानावर तो कोणत्या महिन्यात लागणार आणि कुठून येणार. मग गेवराईला जाऊन दाखले काढा. कोणाला वही जमली नाही तर मी उद्या सकाळी दहापर्यंत गावातच आहे, कागद आणि पेन घेऊन या.